बूच आधी, बाकी नंतर

भूपाल अण्णांनी मला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा नमस्कार वगैरे काही केला नाही. माझ्या बुटांकडे बघत त्यांनी विचारलं, "नाड्या कुणी बांधल्या?"

"मीच बांधल्या की."

"सोड. परत बांध. मी बघतो."

मी तेव्हा एकेचाळीस वर्षांची होते. बेळगावच्या एका हायस्कुलात गणित शिकवत होते आणि माझ्या नुसत्या खाकरण्याने दहावीचा वर्ग गप्प होत असे. तरी तलावाच्या काठावर, चार अनोळखी माणसांसमोर मी निमूटपणे खाली बसले आणि नाड्या सोडून पुन्हा बांधल्या. अण्णांनी वाकून एक टोक जरासं ओढलं. गाठ सुटून आली.

"बघ," ते म्हणाले. "शाळेत जाय लागल्यापासनं चुकीची गाठ मारून फिरालीस. जमिनीवर चालतंय. पाण्यावर चालत न्हाय."

मला भयंकर राग आला. या माणसाकडे पुन्हा फिरकायचं नाही असं मी मनात ठरवून टाकलं. पुढची सहा वर्षं माझा जवळजवळ प्रत्येक रविवार त्यांच्यासोबत गेला.

काकती मागे टाकून निपाणीच्या रस्त्याला लागलं की तासाभराने एक फाटा लागतो. तिथून उसाच्या आणि सोयाबीनच्या रानांमधून आत गेलं की हे मोठं पाणी समोर येतं. त्या काठावर आमचं शिडाच्या होड्यांचं मंडळ होतं. मंडळ हा शब्द जरा मोठाच झाला. पत्र्याची एक शेड, तीन जुन्या होड्या आणि अकरा सभासद, त्यातले रविवारी खरोखर उगवणारे पाचजण. काठावरच्या गावातल्या लोकांना पहिली दोन वर्षं आमचा दाट संशय होता. ही माणसं सरकारसाठी पाणी मोजायला आलीत, यांच्या मागून जमिनीची मोजणी येणार, असं ते म्हणत. आम्हाला याचं वाईट वाटायचं. अण्णांना मात्र आनंद व्हायचा. "संशय घ्यालेत म्हंजे जागी हाईत माणसं," ते म्हणायचे.

स्वतः अण्णा निपाणीजवळच्या एका खेड्यातले. जैन शेतकऱ्यांचं घर, पिढ्यान्‌पिढ्यांची तंबाखू. तंबाखूच्या खळ्यावर शिंकून शिंकून बेजार झालो म्हणून नौदलात पळालो, असं ते सांगत. तिथे त्यांची बावीस वर्षं गेली, त्यातली बरीचशी नव्या भरतीच्या पोरांना शिडाची होडी शिकवण्यात. निवृत्त होऊन गावी आले तेव्हा जवळात जवळ पाणी हेच होतं. एका बंद पडलेल्या प्रशिक्षण केंद्रातून या तीन होड्या त्यांनीच शोधून आणल्या आणि बेळगावच्या खडेबाजारात हार्डवेअरचं दुकान असलेल्या आमच्या रमेशच्या गळ्यात मंडळ मारलं.

बुटकी, घट्ट अंगाची मूर्ती. अंगात बिनकॉलरचा पांढरा सदरा, त्याला छातीवर एक भलामोठा खिसा. आमच्याकडे नवीन माणूस आला की त्या खिशाची त्याला भुरळ पडायची, कारण अण्णा चालायला लागले की खिसा वाजायचा. खिशात तीन होड्यांची तीन बुचं असत.

होडीच्या मागच्या बाजूला, खाली, अंगठा जाईल एवढं एक भोक असतं. होडी काठावर ओढली की आत साठलेलं पाणी तिथून वाहून जातं. पाण्यात जाण्याआधी त्या भोकात पिळाचं बूच बसवायचं असतं. शीड कितीही सुंदर बांधा, डोलकाठी सरळ उभी करा, बूच विसरलात की वीस मिनिटांत होडी बसली. अण्णा संध्याकाळी तिन्ही बुचं काढून खिशात टाकत आणि घरी घेऊन जात. त्यांच्या माघारी कुणी होडी पाण्यात घालू नये म्हणून. "बूच आधी, बाकी नंतर," हे त्यांचं पहिलं वाक्य असायचं, आणि पुष्कळदा शेवटचंही.

त्यांचा विश्वास कशावरच नव्हता. लाल बसमध्ये बसले की आधी सीटच्या खाली हात घालून बोल्ट चाचपत. एकदा संकेश्वरला बोल्ट ढिला सापडला तेव्हा त्यांनी कंडक्टरला अस्खलित कन्नडमध्ये असं काही सुनावलं की त्याने पान्याची व्यवस्था होईपर्यंत बस थांबवली. पाणी गाळल्याशिवाय पीत नसत, हे तर घरच्या धर्मातच होतं. पण आमच्यासमोर सीलबंद बाटली फोडून तिच्यातलं पाणीही ते पांढऱ्या फडक्यातून गाळत आणि मग फडकं उजेडात धरून बघत. दिवस मावळायच्या आत जेवण उरकायचं म्हणून पाच वाजता शिडं उतरलीच पाहिजेत. वारा कितीही फक्कड सुटलेला असो, अण्णा काठावर उभे राहून घड्याळावर बोट आपटत. रमेश म्हणायचा, "अण्णा, तुमच्यामुळं आम्हीबी धर्माला लागलोय."

होड्यांना नावं द्यायची वेळ आली तेव्हा मात्र हा संशयी स्वभाव आमच्या कामी आला. रमेशला मराठीत नावं रंगवायची होती. दुसऱ्या एका सभासदाचं म्हणणं, कन्नडमध्ये रंगवा, उगाच लफडं नको. नुसते आकडे टाकू म्हटलं तर आकडे तरी कुठले, यावर अर्धा तास गेला. आमच्या भागात पाटी रंगवणं म्हणजे काय असतं ते इथल्या माणसाला सांगायला नको. अण्णांनी सगळ्यांकडे एकदा नीट बघून घेतलं आणि रंगाचा डबा घेऊन शेडमागे गेले. दुपारी बघतो तर पहिल्या होडीवर लाल मिरची, दुसरीवर म्हैस, तिसरीवर तंबाखूचं पान. मिरची फार सुरेख उतरली होती. म्हैस जरा कुत्र्यासारखी दिसत होती, पण ते त्यांना सांगायची हिंमत कुणी केली नाही.

आता त्यांच्या खोटीबद्दल सांगते, कारण पुढचं सगळं त्यावरच उभं आहे.

अण्णा पहाटेच्या बसने आमच्या आधी तासभर तलावावर पोचत. आम्ही येण्यापूर्वी ते प्रत्येक होडीत मुद्दाम एक चूक करून ठेवत. तिला ते खोट म्हणायचे. कुठे दोर कप्पीच्या उलट्या बाजूने ओवलेला, कुठे सुकाणूची कडी अर्धीच बसवलेली, कुठे गाठ दिसायला बरोबर पण ओढली की सुटणारी. आम्ही होडी बांधायची, मग पहिल्यापासून शेवटपर्यंत तपासायची आणि खोट शोधून दाखवायची. सापडली नाही तर त्या दिवशी पाण्यावर जायचं नाही. अख्खा रविवार काठावर बसून काढलेली माणसं आमच्यात होती. मी स्वतः सलग तीन रविवार बसले आहे.

खोट ठेवण्यातही त्यांची शिस्त होती. एखादी पिन किंवा रिंग काढली तर ती हरवता कामा नये. गाळण्याच्या फडक्याचा एक तुकडा घेऊन ती वस्तू त्यात बांधायची, त्या पुरचुंडीला एक बारकी दुहेरी गाठ मारायची आणि पुरचुंडी खिशात ठेवायची. तशी गाठ मी दुसऱ्या कुणाच्या हातची पाहिली नाही. त्यांच्या उजव्या तर्जनीचं वरचं पेर नव्हतं. नौदलात एका दोराने नेलं होतं. त्यामुळे त्यांच्या गाठीचं टोक नेहमी डावीकडे निघायचं.

एका रविवारी त्यांनी आम्हाला दोन तास शोधायला लावलं. रमेशला एक खोट सापडली, मला दोन सापडल्या, तिसऱ्याने तर म्हशीच्या डोलकाठीलाच बाक आहे असं ठरवलं. अण्णांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "आज मी खोट ठेवलीच न्हाय. न्हाय त्ये सापडलं तुमास्नी." आम्ही खजील होऊन उभे. "संशय घ्यायचा तवा पुरा घ्यायचा," ते पुढे म्हणाले, "आन फिटला की सोडून द्यायचा. बरोबर हाय म्हणाय छाती लागती."

आमच्या गणितात यालाच सिद्धता म्हणतात. मला त्या दिवशी हा माणूस फार आवडला.

शेडमध्ये भरमप्पा राहायचा. मंडळाने ठेवलेला राखणदार, काठावरच्याच गावचा, पन्नाशीचा, एका पायाने थोडा लंगडणारा. शेताचा तुकडा पाण्याखाली गेलेला, दुसरं काम होत नाही, त्यामुळे शेडचं काम हीच त्याची भाकरी होती. मराठी त्याला समजायचं, बोलायचा कन्नडच. अण्णांचं आणि त्याचं फारसं जमत नसे, कारण भरमप्पा डोलकाठीच्या तारेवर धोतर वाळत घालायचा. त्यावरून दोघांचं कन्नडमध्ये वाजायचं.

सहाव्या वर्षी, दिवाळीनंतरच्या एका रविवारी, मी मिरची तपासत होते. खोट मला लवकर सापडली. मुख्य दोराची गाठ कच्ची होती. मी अण्णांना सांगितलं, त्यांनी मान हलवली. पण संशय पुरा घ्यायचा म्हणून मी तशीच पुढे गेले, तर सुकाणूची कडीसुद्धा अर्धीच.

"अण्णा, आज दोन ठेवल्यात काय?"

"एक ठेवली."

"मग ही?"

अण्णा आले. कडीवरून बोट फिरवलं. त्यांचा चेहरा हळूहळू बदलला. "ही माझी न्हाय," ते म्हणाले आणि सगळ्यांकडे एकेक करून बघू लागले. शेवटी त्यांची नजर शेडच्या दारात बसलेल्या भरमप्पावर जाऊन थांबली.

पुढच्या रविवारी रमेशने तंबाखूच्या पानाची होडी घेतली. खोट शोधली, अण्णांनी होकार दिला, रमेश निघाला. काठापासून वीस-पंचवीस हातांवर असेल, वाऱ्याचा एक झोत आला आणि डोलकाठी आडवी झाली. शिडासकट रमेशच्या अंगावर. पाणी कमरेइतकंच होतं म्हणून निभावलं. कोपर सोलवटलं, कपाळाला टेंगूळ आलं. तलावाच्या मध्यावर शिडाखाली सापडला असता तर काय झालं असतं, ते काठावरच्या प्रत्येकाच्या तोंडावर दिसत होतं.

होडी ओढून आणल्यावर कळलं. डोलकाठीला धरून ठेवणाऱ्या तारेची पिन निसटली होती, कारण पिनेला अडवणारी रिंगच जागेवर नव्हती. आम्ही वाळूत शोधली, होडीत शोधली. नाही.

"कुणीतरी काढली," अण्णा म्हणाले. "मी सुकाणू बिघडवलं व्हतं. रिंगला हात लावला न्हाय."

मग ते भरमप्पाकडे वळले. पुढचं सगळं कन्नडमध्ये झालं, पण समजायला काही अवघड नव्हतं. धोतर वाळत घालू देत नाही म्हणून डूख धरतोस? माणसाच्या जिवावर उठतोस? भरमप्पा उठून उभा राहिला होता. "ना मुट्टिल्ल री," तो परत परत म्हणत होता, "देवराणे, ना मुट्टिल्ल." मी हात लावला नाही, देवाशपथ लावला नाही. बोलता बोलता त्याने दोन्ही हात पुढे केले, जणू हातांवर काही लिहिलेलं असावं.

"पुढच्या रविवारी ह्यो इथं नको," अण्णांनी सगळ्यांना सांगितलं. "न्हायतर मी नको."

रमेशने कपाळाचं टेंगूळ चोळत मान डोलावली. बाकीच्यांनीही. मीसुद्धा. मलाही भरमप्पाचाच संशय आला होता, हे कबूल करते. तो गरीब होता, शेडमध्ये एकटा असायचा आणि आमच्यासारखं बोलत नव्हता. संशय घ्यायला तेवढं पुरलं.

जाताना अण्णांनी मला हाक मारली. ते काठावर बसून होते, उठायला तयार नव्हते. "शैलाक्का, बुचं काढ बाकीची. माझ्या खिशात घाल." मी बुचं काढली आणि त्यांच्या खिशात टाकायला गेले, तर बोटांना मऊ काहीतरी लागलं. बाहेर काढलं. पांढऱ्या फडक्याची पुरचुंडी. आत काहीतरी गोल, कडक. गाठीचं टोक डावीकडे.

अण्णा तलावाकडे बघत होते. त्यांना दिसलं नाही. मी पुरचुंडी मुठीत दाबली आणि बुचं खिशात टाकली.

घरी येऊन मी ती उघडली नाही. उघडायची गरज नव्हती. अण्णांनी सकाळी रिंग काढली, पुरचुंडी बांधली, चहा घेतला, आणि तेवढ्यात पहिली खोट विसरून दुसरी ठेवली. आदल्या रविवारीही तसंच झालं असणार. मग मला मागचं एकेक आठवायला लागलं. दोन वेळा सांगितलेली गोष्ट. एकदा चुकीच्या फाट्यावर उतरून चालत आलेले अण्णा. आम्ही हसलो होतो त्याला.

चार दिवस मी गप्प राहिले. सांगितलं तर अण्णांचं तलावावर येणं संपलं. त्यांची बायको जाऊन दहा वर्षं झालेली, मुलगा पुण्याला. त्या माणसाला रविवारशिवाय होतं काय? न सांगितलं तर भरमप्पा रस्त्यावर. मी शाळेत फळ्यावर गणित घातलं आणि उत्तर चुकवलं, पोरं हसली. मला स्वतःची लाज वाटत होती. तरी मी स्वतःला सांगत होते, शनिवारपर्यंत बघू.

गुरुवारी रजा टाकून मी निपाणीची बस पकडली.

अण्णा ओसरीवर शेंगा निवडत बसले होते. मला बघून खूश झाले, चहाचं आधण ठेवलं, दूध फडक्यातून गाळलं. मी पुरचुंडी त्यांच्यासमोर ठेवली.

"ह्ये काय?"

"तुमच्या खिशात व्हतं. रविवारी."

त्यांनी ती उचलली. उघडण्याआधी फिरवून गाठ बघितली. डावीकडच्या टोकावरून अर्धं बोट फिरवलं. मग उघडली. रिंग तळहातावर उलटीसुलटी करून बघितली. चहा उतू गेला, मी आत जाऊन गॅस बंद केला.

"गाठ माझीच हाय," ते शेवटी म्हणाले.

"व्हय अण्णा."

"कवा सापडली म्हणालीस?"

"रविवारीच. तुमच्या खिशात बुचं टाकताना."

"आन आज गुरुवार." त्यांनी मान वर केली. इतके चिडलेले अण्णा मी कधी पाहिले नव्हते. "चार दिवस? चार दिवस गप बसलीस तू? मधी कुणी पाण्यावर गेलं असतं म्हंजे?"

"बुचं तुमच्याकडं हाईत की. कोण जाणार?"

"माझ्याकडं हाईत म्हणूनच सांगालोय! ज्याला आपुन काय केलं त्ये आठवंना, त्याच्याकडं बुचं ठेवून तू घरला गेलीस!"

"मला वाटलं, तुम्हाला वाईट वाटंल."

"वाटू दे की! मला वाईट वाटलं तर मी मरतोय काय? तुला मी शिकवलं काय? माणूस बघून संशय सोडायचा म्हणून शिकवलं? त्या भरमप्पाचं त्वांड बघून संशय घेतला, आन माझं त्वांड बघून सोडला. दोन्ही चुका."

मला रडू आलं. मी त्यांच्यासमोर रडले आणि त्यांनी माझी समजूत वगैरे काढली नाही. आत गेले, खुंटीवरचा सदरा काढला, खिशातली तिन्ही बुचं माझ्यापुढे ठेवली. "आता तुझ्याकडं," म्हणाले. मग पुन्हा शेंगा निवडायला बसले, पण निवडत नव्हते, नुसता हात फिरवत होते.

रविवारी सगळे जमले. भरमप्पाने आपली वळकटी बांधून शेडच्या बाहेर ठेवली होती. अण्णा त्या दिवशी आमच्या मागून पोचले, ते सरळ त्याच्यापाशी गेले आणि पुरचुंडी त्याच्या हातात दिली. कन्नडमध्ये दोनच वाक्यं बोलले. मग आमच्याकडे वळून मराठीत तेच: "रिंग मी काढली. मी इसरलो. ह्येनं हात लावला न्हवता."

रमेशने खाली बघितलं. मीही.

माफी वगैरे शब्द अण्णांनी वापरला नाही. त्यांनी भरमप्पाची वळकटी उचलली, स्वतः आत नेऊन ठेवली आणि त्याला दंडाला धरून मिरचीजवळ आणलं. त्या दिवसापासून अण्णा त्याला होडी तपासायला शिकवू लागले. बुचापासून डोलकाठीच्या टोकापर्यंत, कन्नडमध्ये. ज्याने जन्मात शिडाला हात लावला नव्हता त्या भरमप्पाचा हात आमच्या होड्यांवरून सगळ्यात शेवटी फिरायला लागला. तो हो म्हणाल्याशिवाय कुणी निघायचं नाही, असा नियम अण्णांनी घातला. आणि भरमप्पाने पहिल्याच महिन्यात अण्णांची खोट शोधून काढली, तीही त्यांनी ठेवलेली आणि विसरलेली. अण्णा त्या दिवशी हसले. मी मात्र लांब जाऊन उभी राहिले.

मग खोट ठेवणंही माझ्याकडे आलं. अण्णा आमच्यासारखे शोधू लागले. सुरुवातीला पटकन शोधायचे. पुढे वेळ लागायला लागला. पुढे मी सोप्या खोटी ठेवायला लागले, आणि त्यांना ते कळतंय की काय या भीतीने त्यांच्याकडे बघायचं टाळू लागले.

पावसाळ्यानंतर त्यांचा मुलगा महावीर त्यांना पुण्याला न्यायला आला. डॉक्टरांनी आजाराला नाव दिलं होतं, आता गावी एकटं ठेवणं शक्य नव्हतं. जाताना अण्णांनी तलावाकडून चल म्हणून हट्ट धरलाय, असं महावीरने आदल्या रात्री फोनवर सांगितलं. मी पहाटेच जाऊन मिरची बांधली. सगळं जागच्या जागी. मनाशी ठरवलं होतं, आज खोट ठेवायची नाही. त्यांना ती सापडली नाही आणि तसेच ते निघून गेले, तर मला ते सहन झालं नसतं.

गाडी थांबली. अण्णा उतरले. बिनकॉलरचा पांढरा सदरा होता, खिसा मोकळा. भरमप्पाने वाकून नमस्कार केला, त्याच्याशी ते कन्नडमध्ये दोन शब्द बोलले. माझ्याकडे बघून नुसते हसले, कुणा पाहुणीकडे बघून हसावं तसे. मग मिरचीवर हात ठेवला आणि सुरू झाले. तारा, पिना, रिंगा. कप्पी. गाठी एकेक करून ओढल्या. सुकाणूची कडी. फार सावकाश. महावीर घड्याळ बघत होता, मी त्याला खुणेने थांबवलं.

"एक हाय," अण्णा म्हणाले.

नाही ते सापडलं आज अण्णांना.

"न्हाय अण्णा," मी शक्य तितक्या हलक्या आवाजात म्हणाले. "आज काहीच ठेवलं न्हाय. सगळं बरोबर हाय."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. तीच जुनी नजर, डोळे बारीक करून, माझ्या बुटांच्या नाड्यांवर पहिल्या दिवशी रोखली होती ती. मग होडीच्या मागे जाऊन ते गुडघ्यावर बसले आणि ते अर्धं बोट त्यांनी भोकात घातलं. पार आरपार.

माझा हात आपोआप खिशाकडे गेला. तिन्ही बुचं माझ्या खिशात होती. पहाटेपासून.

"बूच आधी, बाकी नंतर," अण्णा मला दटावत म्हणाले. "कुणी शिकवलं गं तुला?"

"तुम्हीच की, अण्णा."

अण्णांनी माझा चेहरा बराच वेळ निरखला. ओळख लागते का बघत होते, की मी खोटं बोलतेय असं त्यांना वाटत होतं, ते मला सांगता येणार नाही. महावीरने हात पुढे केला, त्याला धरून ते उठले, गुडघ्याची माती झटकली.

"न्हाय," ते ठामपणे म्हणाले. "मी शिकवलं असतं तर इसरली नसतीस." आणि गाडीत जाऊन बसले.